जिथे रेंज नाही अशी जागा

लोक कॅम्पिंगची जागा कशी निवडतात ते मला आता तोंडपाठ आहे. तळं आहे का, सावली आहे का, पोरांना धावायला मोकळं आहे का, अंघोळीला गरम पाणी येतं का. मी बघत होते की फोन कुठे लागत नाही. एखाद्या जागेबद्दल कुणीतरी चिडून लिहिलेलं असायचं, दोन दिवसांत एक कॉल लागला नाही, चुकूनही जाऊ नका. ती जागा मी लगेच बाजूला काढून ठेवायची आणि लिहिणाऱ्याचं मनातल्या मनात भलं चिंतायची.

आमचं घर पाडणार होते आणि ते माझ्या सासऱ्यांना कळता कामा नये असं ठरलं होतं. ठरवलं नवऱ्याने, निस्तरायचं मी. आमच्याकडे कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

बाबा गवंडी. दिवसभर लोकांच्या भिंती बांधायच्या आणि संध्याकाळी येऊन स्वतःची भिंत चार विटांनी वर न्यायची, असं करत करत त्यांनी हे घर उभं केलं. कोपऱ्यावरचं घर. रस्ता रुंद होणार, वळण काढणार, हे बाबा तरुणपणापासून ऐकत आले होते. रस्ता येणार येणार म्हणता माझे केस पांढरे झाले, आता गळायलाही लागले, रस्त्याचा पत्ता नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आणि बाबा छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलमध्ये पडून असताना रस्ता आला. नोटीस नवऱ्याने घेतली, सही केली. भाड्याचा फ्लॅटही त्यानेच बघितला. बापाला मात्र सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, यांना धक्का बसेल असं काही करू नका. डॉक्टर हे प्रत्येकाला म्हणत असणार, पण माझ्या नवऱ्याने ते वाक्य असं घट्ट धरलं की जणू आयुष्यभर त्याचीच वाट बघत होता.

तो चष्म्याच्या दुकानात आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर काचा बदलत बसतो. स्वतः मात्र बापाच्या डोळ्यात बघून एक वाक्य बोलू शकत नाही. दुकानाच्या मालकाचं मोटरहोम होतं, आत झोपायची सोय असलेली गाडी, ते त्याने मागून घेतलं. आपण फिरायला जायचं, चौघांनी. तेवढ्यात सामान फ्लॅटवर जाईल, घर पडेल, ढिगारा उचलला जाईल. मग परत आल्यावर बाबांना थेट फ्लॅटवर न्यायचं आणि हळूहळू सांगायचं. मी म्हटलं, घर काय हळूहळू पडणार आहे का? तो म्हणाला, तू फक्त जागा निवड, तुला जमतं ते.

मला जमतं हे खरं. मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर बसते. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं बटण दाबतात आणि फोन माझ्याकडे येतो. मी विचारते, आत किती जण आहेत, कोणाला त्रास होतोय का. मग म्हणते, घाबरू नका, माणूस निघालाय. माणूस बहुतेक वेळा निघालेला नसतो. तो दुसऱ्याच कुठल्यातरी इमारतीत तेलाने बरबटलेला असतो आणि मला शिव्या घालत असतो. पण आतल्याला बाहेर कोणीतरी आहे एवढं कळलं की त्याचा श्वास जागेवर येतो. खोटं बोलण्याचा पगार घेणारी मी बाई. म्हणून तर हे काम माझ्या गळ्यात पडलं.

तेव्हा मी चाळणी लावली. जागेवर वीज हवीच, कारण बाबा झोपताना श्वासाचं मशीन लावतात. हॉस्पिटल तासाभराच्या आत हवं. स्वच्छतागृह जवळ हवं, चढ नको. टीव्हीची सामायिक खोली नको, बातम्या नकोत. आमच्या शहरातली माणसं जिथे सुट्टीला जातात ती जागा नको. आणि रेंज नको, कारण घरासमोरच्या किराणावाल्याला फोन करून कुंड्यांना पाणी घातलंस का विचारायची बाबांना सवय. हॉस्पिटल जवळ आणि रेंज नाही, असं ठिकाण शोधायचं म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. जेवणाच्या सुट्टीत, लिफ्टचा एक फोन आणि दुसरा फोन यांच्यामध्ये, मी जागा बघत बसायची. शेजारची पोरगी विचारायची, काय मज्जा आहे बाई तुमची, सहल का? मी म्हणायची, हो ना, मज्जाच मज्जा.

निघताना बाबांनी स्वतः कुलूप लावलं. लावून ओढून बघितलं, चार पावलं आले, परत जाऊन ओढून बघितलं. माझी मुलगी, जिला आम्ही भुंगा म्हणतो कारण तिच्या प्रश्नांची भुणभुण थांबत नाही, ती म्हणाली, आजोबा, चोर येणार आहे का? ते म्हणाले, चोर नाही गं, घराला कळायला पाहिजे की आपण परत येणार आहोत. नवरा गाडीचा आरसा पुसत होता. स्वच्छ होता तो आरसा.

पहिली जागा मोठी होती. गाड्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येक जागेशेजारी विजेचा खांब, पाण्याचा नळ, सांडपाण्याचं झाकण. बाबांना ते फार आवडलं. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला. दोरीला टांगलेलं पितळेचं वजन, भिंत सरळ आहे का बघायचं. तो मोटरहोमच्या दारात धरून म्हणाले, तुमचा हा डबा डावीकडे कलतोय. मग चाकाखाली लाकडी ठोकळे घालणं, गाडी पुढे घे, मागे घे, अजून एक बोट, बस, असं सुरू झालं. हॉस्पिटलमधून आल्यापासून ते पहिल्यांदा हुकूम सोडत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, जमलं बाई.

संध्याकाळी शेजारच्या गाडीतला जाडा गृहस्थ खुर्ची घेऊन आला. कुठले तुम्ही, आम्ही पण तिथलेच, कुठला भाग, असं करत करत तो आमच्या रस्त्यापर्यंत पोचला. अरे, म्हणजे तिथे ते रस्त्याचं, एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि मी हातातला सूपचा वाडगा त्याच्या मांडीवर सांडला. मुद्दाम. गरम होतं. सॉरी सॉरी करत मी त्याला नळापर्यंत नेलं आणि हात जोडून सांगितलं की उद्या सकाळपर्यंत तोंड उघडू नका. बिचारा घाबरून गाडीत जाऊन बसला. सकाळी आम्ही तिथून निघालो. बाबांनी दोनदा विचारलं की एवढी चांगली जागा का सोडायची. मी म्हटलं, फार गर्दी आहे.

दुसरी जागा शांत आहे असं सगळ्यांनी लिहिलं होतं. लिहिलं तेव्हा असेलही. आम्ही पोचलो तर तिथे नवीन स्वच्छतागृह बांधत होते आणि जुनं पाडत होते. खोदायचं मशीन घरघरत होतं. आगीतून उठून फुफाट्यात. नवऱ्याचा चेहरा असा झाला की त्यालाच हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल. पण बाबांनी खुर्ची उचलली, जाऊन त्या कामासमोर टाकली आणि दिवसभर तिथेच बसले. तिथल्या गवंड्याशी त्यांचं भांडण झालं, विटा भिजवून न घेता लावतोस, लाज नाही वाटत का म्हणून. मग त्याच्याबरोबर चहा प्यायले. संध्याकाळी परत आले तेव्हा अंगावर धूळ आणि तोंडभर हसू. म्हणाले, पोरी, जागा झकास निवडलीस. मग म्हणाले, जरा त्या किराणावाल्याला फोन लाव, कुंड्या सुकल्या असतील.

मी म्हटलं, त्याचा फोन लागत नाही. पुन्हा लाव म्हणाले. मी कानाला नुसताच फोन लावून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्या जागेवर गेलो. माझ्या निवडीतली सगळ्यात सरस.

दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात तळं, तळ्याकाठी मोजक्या जागा, प्रत्येकीला वीज. हॉस्पिटल पाऊण तासावर. रेंज नावालासुद्धा नाही. फाटक संध्याकाळी बंद होतं ते सकाळी ऑफिस उघडल्यावर उघडतं, मध्ये गाडी आतही येत नाही आणि बाहेरही जात नाही. सुरक्षित म्हणून मला तेही आवडलं होतं. खळग्यात उतरायच्या आधी, शेवटच्या चढावर, माझ्या फोनवर घर पाडायचं काम घेतलेल्या मुकादमाचा निरोप आला. उद्या सकाळी मशीन लागतंय, ताई. मी तो नवऱ्याला दाखवला. त्याने मान हलवली आणि आम्ही खाली उतरलो.

आल्या आल्या बाबांनी ओळंबा काढला. आता भुंगा त्यांची मदतनीस झाली होती, ठोकळे तीच सरकवत होती. मी खांबाला केबल लावत होते, गाडीच्या पलीकडच्या अंगाला. त्यांना मी दिसत नव्हते, पण बोलणं ऐकू येत होतं. भुंगा विचारत होती की त्या दुसऱ्या जागेवर मशीनने भिंत पाडली तेव्हा तुम्ही उठून उभे का राहिलात. ते म्हणाले, सवय. मी बांधलेलं घर कोणी पाडायला काढलं की मला बोलावतात. नाही बोलावलं तर मी आपणहून जातो. पहिली वीट मी काढतो. हाताने, छिन्नी लावून, सावकाश. मग म्हणतो, चला, लावा मशीन.

भुंगाने विचारलं, का?

"घराला सांगायला नको का?" बाबा म्हणाले. "इतकी वर्षं उभं राहिलंय ते, कोणीतरी सांगितलं म्हणून. आता बस झालं, हेपण कोणीतरी सांगायला पाहिजे. ज्याने उभं केलं त्यानेच."

ती म्हणाली, मग आपलं घर? ते हसले. म्हणाले, आपल्या घराची वेळ आली तर मी आहे की. मी नसलो तर तुझ्या बापाला शिकवून ठेवलंय. ठोकळा अजून थोडा आत सरकव.

केबल माझ्या हातात तशीच राहिली. बावीस वर्षं मी या माणसाची सून आहे आणि हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं. बाप म्हणत होता, शिकवून ठेवलंय.

मी त्याला तळ्याकाठी गाठलं. विचारलं, तुला माहीत होतं ना? तो पाण्याकडे बघत म्हणाला की हो, लहानपणी तो बाबांबरोबर गेलाय, छिन्नी त्यानेच धरली होती. परत येताना बाबा एक शब्द बोलायचे नाहीत, आणि त्याला ते बघवायचं नाही. परक्या घरांसाठी ज्याचं असं होतं तो स्वतःच्या घराची वीट काढताना तिथेच कोसळेल, असं त्याला वाटलं. म्हणून. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मध्येच थांबले, कारण तो रडत होता. आणि तो खोटारडा नव्हता. त्याला त्याचा बाप जिवंत हवा होता. मलाही हवा होता. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आपण आत्ता निघू, मी म्हटलं. तो म्हणाला, फाटक बंद झालं. शिवाय बाबांचं मशीन, विजेशिवाय ते झोपणार कसे? मी म्हटलं, ठीक आहे, सकाळी निघू, पण मुकादमाला फोन करून सांगू की थांब. नुसतं दुपारपर्यंत थांब. एक फोन. एवढंच तर करायचं होतं.

आणि एक फोन करता येऊ नये अशी जागा मी किती मेहनतीने शोधून काढली होती! मी बाकावर चढले. पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढले. टेकडीच्या बाजूला झाडोऱ्यात घुसले आणि फोन डोक्यावर धरून वेड्यासारखी इकडून तिकडे फिरले. निरोप आला होता तो चढ पायी गाठायचा तर काही कोस, आणि अंधार पडलेला. बाजूच्या तंबूतली बाई कौतुकाने म्हणाली, इथे नाही हो मिळत, म्हणून तर येतो आम्ही. मला तिचा गळा धरावासा वाटला. ऑफिसला कुलूप होतं. काचेतून आतला वायरचा फोन टेबलावर दिसत होता. मी हातात दगडसुद्धा घेतला होता. नवऱ्याने तो काढून घेतला आणि म्हणाला, फाटकाशी एक फोन आहे, तातडीचा.

होता. लाल पेटीत, एकच बटण. मी दाबलं. पलीकडे एक बाई आली. आवाजावरूनच कळलं, माझ्याच जातकुळीतली आहे. तिने विचारलं, कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही. आग लागलीय का? नाही. कोणी पाण्यात पडलंय? नाही. मग झालंय काय, तिने विचारलं. मी म्हटलं, आमचं घर पाडतायत.

"आत कोणी आहे का?" तिने विचारलं.

रोज मी हाच प्रश्न विचारते. आत कोणी नाही, सामानसुद्धा नाही, खिळ्यांच्या खुणा तेवढ्या भिंतीवर. पण आत कोणी नाही असं म्हणायला माझी जीभ उचलेना. मी तिला म्हटलं, तुम्ही फक्त एका नंबरवर निरोप द्या. ती म्हणाली की तिला तसं करता येत नाही, ही लाइन अडवून ठेवू नका, सकाळी ऑफिस उघडलं की बोला. मग माझा आवाज ऐकून तिला दया आली असावी. म्हणाली, घाबरू नका, सगळं ठीक होईल. मी फोन ठेवला. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना माझा आवाज कसा लागत असेल ते मला तेव्हा कळलं.

परत आले तर बाबा जेवून औषध घेऊन बसले होते. म्हणाले, कुठे होतात दोघं, भांडलात का? मी म्हटलं, नाही, फिरत होतो. त्यांनी माझ्या हातावरचे ओरखडे बघितले. मशीनची नळी नाकाला लावून झोपले. ते मशीन श्वास टाकत होतं आणि मी बसून ऐकत होते. तेव्हाच उठवून सांगायला हवं होतं. पण झोपलेल्या, विजेला जोडलेल्या माणसाला कसं सांगायचं, जवळ डॉक्टर नाही, फाटक बंद. माझी हिंमत झाली नाही.

सकाळी ऑफिसवाली फाटक उघडायला आली तेव्हा आमची गाडी फाटकाला नाक लावून उभी होती. तिने ऑफिसातला फोन दिला तर मुकादमाचा नंबर लागेना, नुसती रिंग जात होती. थांबायला वेळ नव्हता. भुंगाला दात घासू दिले नव्हते म्हणून ती कुरकुरत होती. बाबा मागच्या टेबलापाशी पट्टा लावून बसले होते, ओळंबा वरच्या कप्प्याच्या कडीला टांगलेला. त्यांनी विचारलं, आता कुठली जागा? मी म्हटलं, घरी. ते खूश झाले. म्हणाले, बरं झालं, कुंड्यांचा माझ्या जिवाला घोर लागला होता.

खळग्यातून गाडी वर आली आणि माझा फोन किणकिणायला लागला. मी मुकादमाला लावत राहिले, तो उचलत नव्हता. मशीन सुरू असलं की ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. मी बाबांच्या समोर जाऊन बसले. त्यांच्या गोळ्यांची डबी मुठीत घट्ट धरली होती.

"बाबा, रस्ता आला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे नवऱ्याचे खांदे वर गेले होते, कोणी मागून मारणार असल्यासारखे.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"आज. आज सकाळी."

कोसळतील, छाती धरतील, मी तयारच होते. तसं काही झालं नाही. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. टांगलेला ओळंबा गाडीबरोबर भेलकांडत होता, तो त्यांनी काढून मुठीत घेतला. मग पुढे लेकाला म्हणाले, गाडी नीट हाक, पोर आहे आत. बस. नवऱ्याने वेग वाढवला होता तो कमी केला आणि मी मनातल्या मनात ओरडत होते की अरे हाक, हाक, वाटेल तसं हाक.

शहराच्या तोंडाशी मुकादमाने फोन उचलला. म्हणाला, ताई, अहो सुरू केलं की कधीच, साहेबांनीच सांगून ठेवलं होतं, जरा लवकर उरका, आम्ही परत यायच्या आत मोकळं होऊ दे. साहेब म्हणजे माझा नवरा. मी म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, आता काय थांबवू.

कोपऱ्यावर आधी धूळच दिसली. एक माणूस पाइपने पाणी मारत होता. वरचा मजला नव्हता, पुढची खोली नव्हती, बाबांची आतली खोली नव्हती. स्वयंपाकघराची निळी भिंत तेवढी उभी होती, आणि रस्त्यावरून तिचा निळा रंग सगळ्या जगाला दिसत होता, ते मला फार लाजिरवाणं वाटलं. मशीन थांबवलेलं होतं. किराणावाला समोर उभा होता, कुंड्या त्याने उचलून स्वतःच्या पायरीवर ओळीने मांडल्या होत्या. सगळ्यांना पाणी घातलेलं होतं.

बाबा उतरले. मी हात दिला, त्यांनी तो घेतला नाही. कामाभोवती बांधलेल्या दोरीपाशी जाऊन उभे राहिले. मुकादम खुर्ची घेऊन धावत आला, काका बसा, काका पाणी घ्या. ते बसले नाहीत.

"पहिली वीट कोणी काढली?" त्यांनी विचारलं.

मुकादम गोंधळला. म्हणाला, काका, मशीनने वरूनच धरलं, गच्चीच्या कठड्यापासून. बाबांनी मान हलवली. मशीनच्या आधी, म्हणाले. मशीनच्या आधी कोणी काढली. मुकादमाने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा गाडीच्या दाराशी उभा होता, हात लोंबकळत, लहान पोरासारखा. शिकवून ठेवलेला मुलगा. बाबांनी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. ते त्या ढिगाऱ्याकडे बघत उत्तराची वाट बघत होते. कोणी काढली नाही, हे उत्तर त्यांना ऐकवणार कोण?

"मी काढली, बाबा," मी म्हटलं.

खोटं बोलायचा पगार घेते मी, ते तर सांगितलंच आहे. पण हे बोलताना मला कळलं की हे खोटं नाही. रेंज नसलेली पहिली जागा मी ज्या दुपारी बाजूला काढून ठेवली त्याच दुपारी या घराची वीट निघाली होती.

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"कधी?"

"निघायच्या आधी. तुम्ही घरी पडून होतात तेव्हा. आम्ही स्वयंपाकघरात बसून ठरवलं."

त्यांनी त्या निळ्या भिंतीकडे बघितलं, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, जिथे त्यांचा पलंग असायचा. रागावले नव्हते. रागावले असते तर मी सहन केलं असतं.

"मग मला हाक मारायचीस ना गं," ते म्हणाले. "मी तिथेच तर होतो. आतल्या खोलीत."

मग ते किराणावाल्याच्या पायरीवर जाऊन आपल्या कुंड्यांच्या शेजारी बसले.